पृथ्वी पोकळ असती, तर आत गुरुत्वाकर्षण कसं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. समजा पृथ्वी आतून पोकळ आहे आणि तिला फक्त काहीशे किलोमीटर जाडीचं कवच आहे. या कवचाच्या आतल्या भिंतीवर माणूस उभा राहू शकेल का? भिंत त्याला स्वतःकडे ओढून धरेल, की तो सुटून मध्यभागी जाऊन पडेल? आणि जोडीला दुसरा प्रश्न: पोकळी बरोबर मध्यभागी नसून एका बाजूला असेल तर काय होईल?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. दोन्हीपैकी काहीच होणार नाही. कवच सगळीकडून सारखं असेल, तर पोकळीत कुठेही त्याची ओढ शून्य असते. फक्त मध्यबिंदूवर नव्हे, कुठेही. भिंतीपासून वीतभर अंतरावर असलात तरी भिंत तुम्हाला ओढत नाही आणि केंद्रही ओढत नाही.

हे ऐकून बहुतेकांना पटत नाही, आणि न पटणं रास्त आहे. भिंत इतकी जवळ आणि समोरची बाजू हजारो किलोमीटर दूर, मग जवळची भिंत का जिंकत नाही? त्याचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही, म्हणून तिथे थोडा वेळ थांबू.

पोकळीत कुठेही एक बिंदू घ्या, अगदी भिंतीजवळचा. त्या बिंदूतून एक अरुंद शंकू जवळच्या भिंतीकडे काढा आणि तोच शंकू उलट दिशेला वाढवून समोरच्या भिंतीपर्यंत न्या. दोन्ही टोकांना शंकू भिंतीचा एकेक तुकडा कापतो. जवळचा तुकडा लहान, लांबचा मोठा. समोरची भिंत दहापट लांब असेल, तर तिथला तुकडा शंभरपट मोठा असतो, कारण शंकूचा छेद अंतराच्या वर्गाने वाढतो. गोलात कुठलीही जीवा दोन्ही टोकांना पृष्ठभागाशी सारखाच कोन करते, त्यामुळे तिरकेपणाचा हिशेबही दोन्हीकडे सारखाच येतो. आता गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होतं. शंभरपट जास्त वस्तुमान, पण दहापट अंतरामुळे ओढ शंभरपट कमी. दोन्ही तुकड्यांची ओढ बरोबर सारखी आणि विरुद्ध दिशेला. अशा शंकूंच्या जोड्यांनी सगळं कवच व्यापता येतं आणि प्रत्येक जोडी आपापसात फिटते. शिल्लक काहीच राहत नाही.

न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त हे याच पद्धतीने सिद्ध केलं. त्याला जोडून त्याने दुसरी गोष्टही दाखवली: कवचाच्या बाहेर उभं राहिलं, तर सगळं वस्तुमान केंद्रात एकवटल्यासारखी ओढ लागते. म्हणजे पोकळ पृथ्वीचं वजन आजच्याइतकंच असेल, तर बाहेर राहणाऱ्याला पायाखाली पोकळी आहे हे वजनकाट्यावरून कळणारच नाही. चंद्रालाही कळणार नाही.

हा निकाल वर्गाच्या व्यस्त नियमाला किती घट्ट बांधलेला आहे, हे हेन्री कॅव्हेंडिशच्या एका प्रयोगातून दिसतं. विद्युतभारांची ओढ अंतराच्या वर्गानेच कमी होते का, हे तपासायला त्याने १७७० च्या दशकात धातूच्या एका गोलाभोवती दुसरं पोकळ गोल कवच बसवलं. बाहेरच्या कवचावर विद्युतभार दिला, आतल्याशी जोडणी केली आणि आत काही पोहोचतं का ते पाहिलं. काही पोहोचलं नाही. आत शून्य, म्हणजे नियम वर्गाचा. नियमात थोडा जरी फरक असता, तर आत काहीतरी उरलंच असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कवच आतल्या माणसाला बाहेरच्या गुरुत्वाकर्षणापासून वाचवत नाही. विजेच्या बाबतीत धातूचा पिंजरा बाहेरचं क्षेत्र अडवतो, कारण धातूतले भार सरकून त्याला विरोध करतात आणि भार दोन प्रकारचे असतात. वस्तुमान एकाच प्रकारचं असतं. त्यामुळे सूर्य आणि चंद्र पोकळीतल्या वस्तूलाही ओढतातच. पण सगळी पृथ्वीच त्यांच्या ओढीने सोबत पडत असल्यामुळे आत फक्त भरती-ओहोटी घडवणारा उरलासुरला फरक जाणवेल. चंद्राचा हा फरक पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाच्या कोटीतल्या एका भागाएवढा असतो.

आता आकडे घालून पाहू. पोकळ पृथ्वीची सगळ्यात गांभीर्याने मांडलेली कल्पना धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेल्या एडमंड हॅलीची आहे. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती हटते, हे वर्षानुवर्षं हळूहळू बदलत जातं. त्याचं कारण शोधताना १६९२ मध्ये त्याने सुचवलं की आपण पाचशे मैल जाडीच्या कवचावर राहतो आणि त्याच्या आत आणखी गोल आहेत, वेगळ्या गतीने फिरणारे. त्याला एक आधारही मिळाला होता. ‘प्रिन्सिपिया’च्या पहिल्या आवृत्तीत चंद्राची घनता पृथ्वीपेक्षा बरीच जास्त आली होती, त्यामुळे पृथ्वी आतून रिकामी असावी असं मानायला जागा होती. तो आकडा पुढे चुकीचा ठरला. चंद्राची घनता पाण्याच्या ३.३४ पट आहे आणि पृथ्वीची ५.५१ पट. पण हॅलीने जे हातात होतं त्यावरून प्रामाणिक निष्कर्ष काढला होता, आणि पृथ्वीच्या पोटात वेगळ्या गतीचं काहीतरी फिरतंय, हा त्याचा अंदाज अगदीच वाया गेला नाही. पृथ्वीचं चुंबकत्व खरोखरच गाभ्यातल्या वितळलेल्या, हलत्या लोखंडातून येतं.

हॅलीचंच कवच घेऊ, आतले गोल काढून टाकू. जाडी ८०० किलोमीटर, आतली त्रिज्या ५,५७१ किलोमीटर. अशा कवचात पृथ्वीच्या एकूण घनफळाचा तिसरा हिस्साच येतो. बाहेर वजन आजच्याएवढं हवं असेल, तर कवचाची सरासरी घनता पाण्याच्या १६.६ पट लागेल. पारा १३.५ पट जड असतो. पाऱ्याहून जड खडक कुठेही सापडत नाही. उलट कवच साध्या खडकाचं, पाण्याच्या साडेतीन पट जड धरलं, तर बाहेरच्या पृष्ठभागावर गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी जेमतेम २.१ मीटर प्रति सेकंदवर्ग उरेल, चंद्रापेक्षा थोडंसं जास्त. मग आपलं वातावरणही आज आहे तसं टिकणार नाही. पोकळ पृथ्वीची कल्पना पहिल्यांदा इथे अडते: एकतर अशक्य पदार्थ माना, नाहीतर वजन सोडा.

तरी वादासाठी ते जड कवच मानून त्यात आरपार भोक पाडू आणि उडी मारू. हवा नाही, पृथ्वी फिरत नाही असं धरा. सुरुवातीला ओढ ९.८. जसजसे खाली जाल, तसतसा तुमच्या वरचा थर तुमच्यासाठी ‘कवच’ बनत जातो आणि त्याची ओढ हिशेबातून गळते. ४०० किलोमीटर खोलीवर ओढ साधारण निम्मी, ५.२ एवढी. ८०० किलोमीटरवर, जिथे भिंत संपते तिथे शून्य. इथवर यायला सात-साडेसात मिनिटं लागतात आणि तुमचा वेग सेकंदाला २.८६ किलोमीटर झालेला असतो. आता पोकळी. इथे वेग वाढत नाही, कमीही होत नाही. ११,१४२ किलोमीटरचं अंतर तुम्ही एकाच वेगाने, सरळ रेषेत, पूर्ण वजनरहित अवस्थेत पासष्ट मिनिटं तरंगत पार करता. केंद्र कधी मागे पडलं, हे सुद्धा कळत नाही. पलीकडच्या भिंतीतल्या भोकात शिरल्यावर ओढ पुन्हा जाणवू लागते आणि दुसऱ्या टोकाच्या पृष्ठभागाशी येऊन वेग संपतो. एकूण ऐंशी मिनिटं. हाच प्रवास एकसारख्या घनतेच्या भरीव पृथ्वीतून केला तर बेचाळीस मिनिटांत संपतो, आणि खऱ्या पृथ्वीतून, जिचा गाभा जड आहे, साधारण अडतीस मिनिटांत. पोकळ पृथ्वीतून पडायला भरीव पृथ्वीच्या दुप्पट वेळ लागतो, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं.

पृथ्वी फिरते हे आता विसरून चालणार नाही. आतल्या भिंतीवर उभ्या माणसाला गुरुत्वाकर्षण नसलं, तरी भिंत त्याला सोबत फिरवते, आणि त्यामुळे तो भिंतीवर किंचित दाबला जातो. आतल्या विषुववृत्तावर हा परिणाम ०.०३ मीटर प्रति सेकंदवर्ग एवढा आहे. सत्तर किलोच्या माणसाचा भार तिथे काट्यावर दोनशे दहा ग्रॅमच्या आसपास दिसेल. मीटरभर उंचीवरून सोडलेली वस्तू ‘खाली’ पोहोचायला आठ सेकंदांहून जास्त घेईल. जमिनीवर अर्धा मीटर उडी मारणारा माणूस तेवढ्याच जोराने उडाला, तर दीडशे मीटरांहून जास्त वर जाईल आणि परत यायला त्याला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागतील. कुणी पश्चिमेकडे सेकंदाला ४०६ मीटर वेगाने निघालं, तर भिंतीचं फिरणं त्याच्यापुरतं संपेल आणि हा एवढासा भारही जाईल. ध्रुवांवर तो मुळातच नाही. मधल्या अक्षांशांवर तो भिंतीला लंब नसून तिरका असतो, म्हणून सुटं काहीही हळूहळू विषुववृत्ताकडे घसरत जाईल.

मग पृथ्वी जोरात फिरवली तर? आतल्या विषुववृत्तावर आपल्याएवढं वजन यायला ७९ मिनिटांत एक फेरी व्हायला हवी. पण त्या वेगाला बाहेरच्या विषुववृत्तावर अपकेंद्री परिणाम ११.२ होतो आणि गुरुत्वाकर्षण ९.८ एवढंच आहे. म्हणजे आतले नीट उभे राहतील आणि बाहेरचे समुद्रासकट अवकाशात फेकले जातील. दोन्ही बाजूंना वस्ती ठेवायची सोय निसर्गात नाही.

पोकळीच्या मध्यभागी छोटासा सूर्य लटकलेला असतो, असंही काही जण रंगवतात. त्यात दोन अडचणी आहेत. कवचाची ओढ आत शून्य असल्यामुळे त्या सूर्याला मध्यभागी धरून ठेवणारं काहीच नाही. तो मध्यापासून मीटरभर सरकला, तर परत आणणारं बल नाही. बारीकसा धक्का मिळाला की तो संथपणे भिंतीच्या दिशेने निघेल आणि एक दिवस तिला टेकेल. शनीच्या कड्यांच्या बाबतीत मॅक्सवेलने १८५९ च्या निबंधात अशाच जातीचा प्रश्न सोडवला होता. कडं एकसंध भरीव असतं तर ते शनीभोवती स्थिर राहूच शकलं नसतं, हे त्याने दाखवलं आणि कडी सुट्या कणांची असली पाहिजेत असा निष्कर्ष काढला. दुसरी अडचण आतल्या रहिवाशांची. भिंत ओढत नाही, पण मधला सूर्य मात्र ओढतो. त्यामुळे आतल्या भिंतीवरच्या सगळ्यांना ‘खाली’ म्हणजे सूर्याकडे. पाय सुटला की तिकडेच पडायचं.

आता हवा आणि पाणी. आत ओढ नाही म्हणजे पोकळी गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने ‘काहीच नाही’, असं समजणं चूक आहे. ओढ म्हणजे उतार, आणि उतार नसणं म्हणजे खोली नसणं नव्हे. पोकळी हा सपाट तळ आहे, पण तो पृष्ठभागापासून ८०० किलोमीटर खाली आहे. भिंतीत कुठेही मोठं भगदाड असेल, तर हवा उताराने आत जाईल आणि पोकळीत सगळीकडे सारखी पसरेल. पृथ्वीचं सगळं वातावरण त्या प्रचंड जागेत पसरलं, तर दर घनमीटरला सातच ग्रॅम हवा येते. समुद्रसपाटीला आज ती सव्वा किलोच्या आसपास असते. बाहेर जवळजवळ काहीच उरणार नाही. समुद्रही तसाच. सगळ्या महासागरांचं पाणी १३३ कोटी घनकिलोमीटर, आणि ते पोकळीच्या पाचशेव्या हिश्श्याहून कमी. ते आत ओतलं जाईल आणि, पृथ्वीचं फिरणं बाजूला ठेवलं तर, वजन नसल्यामुळे मोठमोठ्या गोळ्यांच्या रूपात तरंगत राहील.

अमेरिकेच्या जॉन क्लीव्ह्ज सिम्सने १८१८ मध्ये सेंट लुईसहून जाहीर पत्रक काढून सांगितलं होतं की पृथ्वी पोकळ आहे, आत राहण्याजोगी आहे आणि दोन्ही ध्रुवांशी मोठी तोंडं उघडी आहेत. आत उतरायला त्याला शंभर धाडसी सोबती हवे होते. त्या तोंडांना वरचा हवापाण्याचा हिशेब लागू होतो. ध्रुवाशी उघडं तोंड असतं, तर आर्क्टिक महासागर आज जागेवर दिसला नसता. शिवाय भिंतीत भोक पडलं की शंकूंच्या जोड्यांतल्या काही मोडतात. भोकाची जागा रिकामी, पण तिच्या समोरचा तुकडा शाबूत. त्यामुळे पोकळीतल्या वस्तूला भोकापासून दूर, पलीकडच्या भिंतीच्या बाजूला किंचित ओढ लागते.

याच ‘खोली’चा एक परिणाम मला फार मोलाचा वाटतो. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार घड्याळाची चाल ओढीवर ठरत नाही, ती या खोलीवर ठरते. आतल्या माणसाला काहीही ओढत नसलं, तरी त्याचं घड्याळ बाहेरच्या पृष्ठभागावरच्या घड्याळापेक्षा वर्षाला साधारण १.४ मिलिसेकंद मागे पडेल, आणि पोकळीत कुठेही ठेवलं तरी जवळपास तेवढंच मागे पडेल. आजची अणुघड्याळं हा फरक सहज पकडतात.

असं कवच उभं राहील का, याबद्दल फार लिहायची गरज नाही. स्वतःच्या वजनाखाली कवचात जो दाब येतो, तो पातळ कवचाच्या बाबतीत, घनता तीच असेल तर, जाडीबरोबर वाढतोच, म्हणून भिंत जाड करून सुटका होत नाही. साध्या खडकाच्या कवचातही तो दहा गिगापास्कलच्या घरात जातो. चांगला ग्रॅनाइट त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यालाच चुरडतो. जड कवचात दाब आणखी वीसपट.

माझं काम गुरुत्व सर्वेक्षणाचं. ग्रॅव्हिमीटर घेऊन ठिकठिकाणी गुरुत्वाकर्षण मोजायचं आणि दशलक्षांशातल्या फरकांवरून जमिनीखाली काय आहे ते ओळखायचं. आम्हाला पोकळ्या शोधायला खरोखर बोलावलं जातं. धरणाच्या पायाखाली, जुन्या खाणींवर, बोगद्यांच्या वाटेवर. बेसाल्टमध्ये दहा मीटर खोलीवर केंद्र असलेली पाच मीटर त्रिज्येची गोल पोकळी असेल, तर तिच्या डोक्यावर गुरुत्वाकर्षण शंभर मायक्रोगॅलच्या आसपास कमी भरतं. मायक्रोगॅल म्हणजे आपल्या नेहमीच्या गुरुत्वाकर्षणाचा साधारण अब्जावा भाग. चांगलं यंत्र पाच-दहा मायक्रोगॅल ओळखतं, पण यंत्राची उंची एक सेंटिमीटर चुकली तर तीन मायक्रोगॅलचा फरक पडतो, आणि चंद्रसूर्याच्या ओढीने दिवसभरात दोनशेच्या आसपास चढउतार होतो. तो सगळा वजा केल्यावर पोकळी दिसते. लहानशी पोकळी इतकी उघड दिसते, तर पृथ्वीएवढी पोकळी लपून राहील हे शक्यच नाही, असं वाटेल. पण वर म्हटल्याप्रमाणे मध्यभागी असलेली पोकळी बाहेरून मोजलेल्या वजनात दिसत नाही. तिला पकडायचे रस्ते वेगळे आहेत.

पहिला रस्ता खाणीतून जातो. खाली उतरताना दोन गोष्टी एकदम घडतात. केंद्र जवळ येतं, त्याने ओढ वाढते. वरचा थर कवच बनून गळतो, त्याने ओढ घटते. कोण जिंकतं, हे थराच्या घनतेवर ठरतं. थराची घनता पृथ्वीच्या सरासरीच्या दोनतृतीयांशापेक्षा, म्हणजे पाण्याच्या ३.६७ पटीपेक्षा कमी असेल तर ओढ वाढते. ग्रॅनाइट २.७, आपला बेसाल्ट २.८ ते २.९. म्हणून खऱ्या खाणीत खाली जाताना वजन वाढतं, ग्रॅनाइटमध्ये दर मीटरला ८० मायक्रोगॅलच्या आसपास. इंग्लंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८५४ मध्ये हार्टनच्या कोळसा खाणीत ३८३ मीटर खाली लंबक नेऊन हे मोजलं. खालचा लंबक दिवसाला सव्वादोन सेकंद पुढे गेला. वरच्या आठशे किलोमीटरच्या साडेसोळा घनतेच्या कवचातून उतरत असतो, तर तो प्रत्येक मीटरला मागे पडला असता.

एवढ्यावर कुणी म्हणेल, की वरचा थर हलका आणि कवचाचा तळ अतिशय जड असेल. खाण याला उत्तर देऊ शकत नाही. त्याला उत्तर देतं ते आपल्या घरातलं पंचांग.

पृथ्वी भोवऱ्यासारखी डगमगते. तिचा अक्ष साधारण २६,००० वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. यालाच संपातचलन म्हणतात, आणि पंचांगातला अयनांश म्हणजे त्याचाच साचलेला हिशेब. दरवर्षी ५०.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). चंद्र आणि सूर्य विषुववृत्ताच्या फुगवट्याला ओढतात, म्हणून हे घडतं. ही चाल किती, हे पृथ्वीचं वस्तुमान आत कसं वाटलेलं आहे त्यावर ठरतं. वस्तूला फिरवणं किती जड जातं ते सांगणाऱ्या जडत्व आघूर्णाचं, वस्तुमान आणि त्रिज्येच्या वर्गाच्या गुणाकाराशी असलेलं गुणोत्तर एकसारख्या भरीव गोलासाठी ०.४ असतं. वस्तुमान केंद्राकडे गोळा झालं तर ते कमी होतं, कवचात गेलं तर वाढतं. उपग्रहांच्या कक्षांवरून फुगवट्याची ओढ मोजलेली आहे, आणि संपातचलनाचा वेग शतकानुशतकं माहीत आहे. दोन्ही एकत्र केले की पृथ्वीसाठी ०.३३०७ येतं. हॅलीच्या कवचासाठी ते ०.५९ येतं. फरक बारीक नाही.

उलट बाजूने पाहू. पृथ्वी पोकळ असती आणि फुगवटा आजच्याएवढाच असता, तर संपातचलन दरवर्षी अठ्ठावीस विकलांच्या आसपास झालं असतं आणि एक फेरी ४६,००० वर्षांत झाली असती. आपल्या राष्ट्रीय पंचांगाच्या हिशेबाने इसवी सन २८५ च्या सुमाराला अयनांश शून्य होता, म्हणजे मकर संक्रांत आणि उत्तरायणाचा खरा आरंभ एकाच दिवशी येत होता. आज त्यात चोवीस अंशांचं अंतर पडलंय आणि संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. पोकळ पृथ्वीवर हे अंतर साडेतेरा अंश असतं आणि आपण तिळगूळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वाटत असतो.

तिसरा रस्ता भूकंपलहरींचा, आणि तो सगळ्यात थेट. मोठ्या भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जाऊन दुसऱ्या बाजूला नोंदल्या जातात. पोकळीतून लहर जाऊ शकत नाही. १९०६ मध्ये ओल्डहॅमने, भारतातल्या भूसर्वेक्षणात काम केलेल्या भूवैज्ञानिकाने, या लहरींवरून गाभा दाखवून दिला, आणि १९३६ मध्ये इंगे लेमान यांनी त्याच्याही आतला घन गाभा. आज आपल्याला गुरुत्वाकर्षण खोलीनुसार कसं बदलतं ते चांगलं माहीत आहे. प्रावरणभर, म्हणजे गाभ्याबाहेरच्या जाड खडकाळ थरात, ते दहाच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतं, २,८९० किलोमीटरवर गाभ्याच्या सीमेशी १०.७ होतं, आणि तिथून पुढे केंद्रापर्यंत घटत शून्यावर येतं. चंद्राबद्दलही असाच संशय घेतला गेला, कारण १९६९ मध्ये अपोलो १२ चं यान मुद्दाम त्याच्यावर आदळवल्यावर कंप जवळपास तासभर टिकला. पण चंद्राचं गुणोत्तर ०.३९३ आहे, जवळजवळ भरीव एकसारख्या गोलाचं. कंप टिकला तो कोरड्या, भेगाळलेल्या खडकामुळे. लहरी शोषून घेणारं पाणी तिथे नाही.

राहिला दुसरा प्रश्न, एका बाजूला असलेल्या पोकळीचा. भरीव, एकसारख्या घनतेची पृथ्वी घ्या आणि तिच्यात केंद्रापासून बाजूला एक गोल पोकळी कोरा. आता आत ओढ शून्य राहत नाही, आणि जी येते ती अगदी वेगळ्या स्वभावाची असते: पोकळीत सगळीकडे सारखीच, आकाराने आणि दिशेनेही. हिशेब सोपा आहे. पूर्ण भरीव पृथ्वीची ओढ घ्यायची आणि कोरून काढलेल्या गोलाची वजा करायची. जागेनुसार बदलणारा भाग दोन्हीत तोच असल्यामुळे निघून जातो आणि उरते ती फक्त दोन केंद्रांमधल्या अंतरावर ठरणारी ओढ. पोकळीचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून १,००० किलोमीटर दूर असेल, तर आत सर्वत्र १.५ मीटर प्रति सेकंदवर्ग, चंद्रावरच्याहून किंचित कमी, आणि दिशा सगळीकडे पोकळीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या केंद्राकडे जाणाऱ्या रेषेला समांतर. खऱ्या पृथ्वीचा गाभा जड असल्यामुळे तिथे आकडा मोठा येईल आणि समांतरपणा तंतोतंत राहणार नाही. पण एकसारख्या गोलात, पोकळी केवढीही असो, तिच्यात सोडलेले सगळे दगड एकाच दिशेला, एकाच त्वरणाने पडतात, आणि तिथे माणूस जमिनीवर उभा राहावा तसा उभा राहू शकतो.